मोठी स्क्रीन, बेताचा पैसा
(मलकापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला नेमून दिलेला विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांना नवल वाटले असेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर गेमिंग लॅपटॉपची चर्चा कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा विषय आता आपल्या घराघरांत येऊन बसला आहे. बारावी किंवा डिप्लोमा झालेला मुलगा कोल्हापूरला, वारणानगरला नाहीतर पुण्याला प्रवेश घेतो आणि पहिल्याच महिन्यात सांगतो, "अब्बा, गेमिंग लॅपटॉप लागणार, मोठ्या स्क्रीनचा." किंमत विचारली की ऐंशी-नव्वद हजार. अब्बा 'गेमिंग' हा शब्द ऐकतात आणि नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, अभ्यासालाच हवा आहे. अम्मी दोघांच्या मध्ये. शेवटी कोणीतरी ओळखीचा दुकानदार सांगेल तो लॅपटॉप घरी येतो.

प्रवेशाची फी सोडली तर एका खेपेला होणारा हा शिक्षणावरचा सर्वात मोठा खर्च असतो. त्यासाठी कुणाची भिशी मोडते, कुणाच्या अम्मीचा दागिना गहाण पडतो. आणि एकदा घेतलेले यंत्र निदान चार वर्षे चालवायचे असते. म्हणून त्याचा विचार शांतपणे, सर्वांनी मिळून व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम 'गेमिंग' या शब्दाची भीती घालवू. साध्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखवण्याचे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातला एक लहान भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्या कामासाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, त्याची स्वतःची मेमरी असते आणि त्याला थंड ठेवण्यासाठी मोठे पंखे असतात. हे कार्ड एकाच वेळी हजारो छोटी गणिते सोडवते. गेममधले धावते दृश्य त्यावर उमटते, तसाच यंत्राच्या भागाचा त्रिमितीय आराखडा, घराचा नकाशा, संपादित होणारा व्हिडिओ आणि अ‍ॅनिमेशनही त्यावरच उमटते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत आज फौंड्रीचा साचा आधी संगणकाच्या स्क्रीनवर तयार होतो आणि मग वाळूत. तिथे नोकरी करू इच्छिणाऱ्या मुलाला असे यंत्र लागले तर ती चैन नव्हे.

गेम तयार करणे हाही आता व्यवसाय आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' हा गेम २०२० साली जगभर विकला गेला. मात्र खेळ वेगळा आणि जुगार वेगळा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे. त्याचबरोबर, गेमचे व्यसन जडू शकते हेही खरे. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद केली आहे. याला उपाय यंत्र नाकारणे हा नाही. ते माजघरात, चारचौघांच्या नजरेसमोर ठेवावे आणि खेळाची वेळ आधी ठरवून घ्यावी.

आता विद्यार्थ्यांना एक स्पष्ट गोष्ट सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांना गेमिंग लॅपटॉपची गरज नाही. बी. कॉम., बी. ए., डी. एड., नर्सिंग, फार्मसी यांना साधा लॅपटॉप पुरतो. संगणकशास्त्राच्या पहिल्या दोन वर्षांत प्रोग्रॅम लिहायलाही तोच पुरतो. २०२५ साली असा चांगला लॅपटॉप चाळीस-पन्नास हजारांत मिळत होता. उरलेले चाळीस हजार पुढच्या वर्षाच्या फीला लावा. मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ संपादन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करायचे असेल तर मात्र कार्ड हवे. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी तुमच्या अभ्यासक्रमात कोणकोणती सॉफ्टवेअर शिकवतात याची यादी कॉलेजातून आणा. ती यादी अब्बांपुढे ठेवा. अर्धे भांडण तिथेच मिटेल.

आपण कोल्हापूर जिल्ह्याची माणसे. बाबूराव पेंटरांनी चित्रपट काढायचे ठरवले तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा कोल्हापुरातच जुळवला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. यंत्रातला कोणता भाग काय करतो, हे त्यांना हाताने माहीत होते. आपल्याला लॅपटॉप बनवायचा नाही, पण त्याच्या खोक्यावरचा कागद वाचता आला पाहिजे. तो वाचण्यासाठी मी एकच सूत्र सांगतो आणि बाकीचे सगळे त्याभोवती मांडतो. जे पुढे बदलता येत नाही, त्यावर आज पैसा घाला. जे पुढे वाढवता येते, त्यावर आज काटकसर करा.

लॅपटॉपमध्ये न बदलणाऱ्या गोष्टी चार: ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, स्क्रीन आणि यंत्र थंड ठेवण्याची व्यवस्था. वाढवता येणाऱ्या गोष्टी दोन: रॅम आणि साठवणुकीची एसएसडी. दुकानात नेमके उलटे घडते. "एक टीबी देतो, बॅग देतो, माउस फुकट देतो," असे सांगून जे उद्याही मिळाले असते ते गळ्यात मारतात आणि कार्ड मात्र हलके देतात.

कार्डाचे नाव पाहून थांबू नका. एनव्हीडिया कंपनीचे आरटीएक्स ४०५० हे लॅपटॉपचे कार्ड घ्या. तेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला असते. एकाच नावाच्या दोन यंत्रांत त्यामुळे कामाच्या वेगाचा मोठा फरक पडतो. बैल दोन्ही सारखे, पण एकाला पोटभर वैरण आणि दुसऱ्याला मूठभर. औत सारखे कसे ओढतील? म्हणून दुकानदाराला विचारा, "कार्ड किती वॉटचे आहे?" उत्तर आले नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधा. कार्डाची स्वतःची मेमरीही पाहा. आरटीएक्स ३०५० ला चार किंवा सहा जीबी असते, ४०५० ला सहा, तर ४०६० आणि २०२५ साली आलेल्या ५०५० ला आठ. मोठा आराखडा किंवा मोठे दृश्य या मेमरीत मावले नाही की यंत्र अडखळते, आणि ती नंतर वाढवता येत नाही.

आता स्क्रीन. "मोठी स्क्रीन" म्हणजे किती मोठी? बाजारात १५.६, १६ आणि १७.३ इंच अशी मापे आहेत. हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे, तिरके असते, त्यामुळे आकड्यावरून अंदाज चुकतो. घरी जुन्या वर्तमानपत्राचे तीन तुकडे कापा. १५.६ इंचासाठी साडेचौतीस सेंटिमीटर रुंद आणि साडेएकोणीस उंच. १६ इंचाच्या नव्या घडणीच्या स्क्रीनसाठी रुंदी तेवढीच, उंची साडेएकवीस. १७.३ इंचासाठी रुंदी सव्वाअडतीस, उंची साडेएकवीस. हे तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. १६ इंची स्क्रीन १५.६ पेक्षा क्षेत्रफळाने सुमारे दहा टक्के मोठी आहे आणि ही वाढ सगळी उंचीत आहे. लेखन, प्रोग्रॅम आणि नकाशा या तिन्हींना ती उपयोगी पडते. १७.३ इंची स्क्रीन १५.६ पेक्षा साधारण तेवीस टक्के मोठी, पण ती मध्यम किमतीत क्वचितच मिळते आणि यंत्राचे वजन पावणेतीन-तीन किलोपर्यंत जाते. त्यावर अर्ध्या-पाऊण किलोचा अ‍ॅडाप्टर. शनिवारी एस. टी.त उभे राहून मलकापूरला येणाऱ्या मुलाच्या पाठीवर हे ओझे येणार आहे, याचा विचार करा.

मग मोठ्या स्क्रीनची हौस भागवायची कशी? मित्रहो, मोठी स्क्रीन लॅपटॉपातच असली पाहिजे असे नाही. २४ इंची स्वतंत्र मॉनिटर २०२५ साली सात ते दहा हजारांत मिळत होता. त्याचे क्षेत्रफळ १७.३ इंची स्क्रीनच्या जवळजवळ दुप्पट भरते. लॅपटॉप १५.६ किंवा १६ इंची घ्यावा आणि खोलीवर एका तारेने तो मॉनिटरला जोडावा. मान ताठ राहते, डोळ्यांना ताण कमी पडतो आणि एका स्क्रीनवर पुस्तक, दुसऱ्यावर काम अशी सोय होते. लॅपटॉप पाच वर्षांनी थकला तरी मॉनिटर पुढच्या यंत्राला जोडता येतो. बेताच्या पैशात मोठी स्क्रीन मिळवण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. जागा एकच असेल आणि यंत्र हलवायचेच नसेल, तर त्याच पैशात डेस्कटॉप अधिक ताकदीचा मिळतो. पण हॉस्टेलवर राहणाऱ्यांना तो सोयीचा नाही.

स्क्रीनचे माप झाले, आता तिचा दर्जा. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या कागदावर पुष्कळदा '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. याचा अर्थ रंग फिके दिसणार. गेम खेळायला आणि यंत्राचे आराखडे काढायला ते चालेल. फोटो, छपाई, कपड्यांचे डिझाइन किंवा व्हिडिओ करणाऱ्याला चालणार नाही. त्याने '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिलेले पाहावे. प्रकाश २५० निट्सपेक्षा ३०० निट्सचा बरा. आणि फार बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनचा मोह धरू नये. १९२०×१२०० च्या जागी २५६०×१६०० ची स्क्रीन घेतली तर कार्डाला पाऊणपट जादा ठिपके रंगवावे लागतात. मध्यम कार्डावर तो भार लादून वेग घालवण्यात हशील नाही.

रॅम आज १६ जीबी हवी. आठ जीबीच्या यंत्रात दुसरी आठ जीबी घालायला रिकामी जागा आहे की रॅम बोर्डालाच डकवलेली आहे, हे विचारून घ्या. एरवी मी "रॅम पुढे वाढवा" असे बिनदिक्कत सांगितले असते. पण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनी ती उचलायला सुरुवात केली. म्हणून १६ जीबी आतच मिळत असेल तर थोडा फरक देऊन घ्यावी. एसएसडी ५१२ जीबी पुरते. दुसरी लावायला खाच आहे ना, एवढे पाहावे.

आता आपल्या गावच्या हवापाण्याचा विचार. आंबा घाटाजवळचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर चालवला की कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही आणि जड काम तासा-दीड तासात बॅटरी संपवते. म्हणजे पूर्ण ताकदीने काम करायचे तर वीज हवीच. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांखेरीज आणखी दीड-दोनशे वॉट पेलेल का, हे वायरमनला विचारून घ्या. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या बोर्डातच लावा. दोन पिनांचा जुगाड करू नका. यंत्र गादीवर किंवा गोधडीवर ठेवू नका, कारण त्याचा श्वास तळातून चालतो. वर्षातून एकदा पंखे साफ करून घ्या. पावसाळ्यात ते आठ-आठ दिवस बंद पेटीत ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू ठेवलेले बरे. स्वतःच्या उबेने ते कोरडे राहते.

खरेदीच्या वेळी घ्यायची काळजी थोडक्यात सांगतो. "बिल नको, थोडे कमी करतो" असे कोणी म्हटले तर तेथून उठा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवण्याच्या लोभात वॉरंटी जाते आणि तक्रारीला पुरावा राहत नाही. यंत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटीची तारीख तिथल्या तिथे तपासा. दुरुस्ती कोल्हापुरात होते की यंत्र पुण्या-मुंबईला पाठवावे लागते, हे आधी विचारा. माणूस घरी येऊन दुरुस्त करणार असेल, तर त्या वॉरंटीसाठी दोन पैसे जास्त देणे योग्यच. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास जड काम चालवून पाहा, आवाज आणि उष्णता तपासा, पांढऱ्या स्क्रीनवर मेलेला ठिपका शोधा. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की विंडोज १० चा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ चालत नसेल असे यंत्र स्वस्तातही महाग. आणि चोरीची सॉफ्टवेअर घालू नका. ब्लेंडर सर्वांनाच फुकट आहे आणि ऑटोकॅडची कंपनी विद्यार्थ्यांना त्यांच्या कॉलेजच्या ओळखीवर ते मोफत वापरू देते.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानी घ्यावी. 'शून्य टक्के हप्ता' ही पाटी सर्वत्र दिसते. ज्या घरांत व्याज देणे-घेणे टाळतात, ती घरेही या पाटीला भुलतात. सप्टेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी चीज मुळात नसतेच. व्याज एकतर किमतीत मिसळलेले असते, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला नाकारलेली असते. हिशेबच करू. नव्वद हजार रुपये बारा महिन्यांच्या हप्त्याने दरसाल १५ टक्के दराने फेडले, तर महिन्याला सुमारे ८,१२३ रुपये पडतात आणि व्याज साडेसात हजारांच्या घरात जाते. क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर जीएसटी निराळा. साडेसात हजार म्हणजे मघाशी सांगितलेला २४ इंची मॉनिटर! म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारा, "एकरकमी रोख दिले तर भाव काय?" आणि शक्य असेल तर चार महिने थांबा, भिशी पूर्ण होऊ द्या. पहिल्या सत्रात कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर बरेचसे काम भागते. तेवढ्यात मुलालाही कळते की आपल्याला खरोखर काय लागते.

लाखभर रुपये असतील तर माझा हिशेब असा : लॅपटॉप ऐंशी-ब्याऐंशी हजारांचा, मॉनिटर नऊ हजारांचा आणि उरलेले आठ-दहा हजार वाढीव वॉरंटी व अडीअडचणीसाठी बाजूला. सारी रक्कम यंत्रावर ओतून हात रिकामे करू नयेत.

आता ज्याबद्दल बोलायला मी विशेष उत्सुक होतो, तो मुद्दा. आपल्या घरांत मुलाला नव्वद हजारांचा लॅपटॉप येतो आणि मुलीला त्याचा जुना, बिजागरी सैल झालेला लॅपटॉप मिळतो. मुलगी आर्किटेक्चरला असेल आणि मुलगा बी. कॉम.ला, तर मी सांगितलेल्या हिशेबाने कार्डाचे यंत्र मुलीला यायला हवे आणि साधे मुलाला. काम पाहून यंत्र द्यायचे हे एकदा ठरले की मग ते कोणाचे, हा प्रश्नच उरत नाही. आपण मुलींना प्रवेश घेऊ दिला याचे समाधान मानतो, पण आराखडा उघडायला वीस मिनिटे लावणाऱ्या यंत्रावर तिने स्पर्धा करावी अशी अपेक्षा ठेवतो. तिचे मार्क कमी पडले की म्हणतो, झेपले नाही. झेपत नव्हते ते यंत्राला, हे कोणी पाहत नाही. या सभागृहातल्या प्रत्येक बापाने आज घरी जाऊन आपल्या मुलीचे यंत्र एकदा उघडून बघावे, एवढी माझी विनंती आहे.

शेवटी संस्थेकडे वळतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था उभी केली, तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुलांना राहण्यासाठी बोर्डिंगची सोय केली. केवळ शाळेचे दार उघडून भागत नाही, शिकणाऱ्याला बसायला जागा आणि हाताला साधनही लागते, हे त्यांनी ओळखले होते. आज ते साधन म्हणजे संगणक. प्रत्येक घराला लाख रुपये परवडणार नाहीत, हे उघड आहे. म्हणून माझी संस्थेला तीन कामांची सूचना आहे. एक, वाचनालयाच्या खोलीत तीन-चार मोठे मॉनिटर आणि निदान एक चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा डेस्कटॉप ठेवावा. मुलांनी आपला साधा लॅपटॉप आणून मॉनिटरला जोडावा आणि जड काम पाळीपाळीने डेस्कटॉपवर करावे. मुलींसाठी वेळ राखून ठेवावी. दोन, इंजिनिअरिंगला असलेल्या तीन-चार मुलामुलींचा एक गट करावा. कोणाला लॅपटॉप घ्यायचा असला की त्यांच्यापैकी एकाने दुकानात बरोबर जावे. तीन, शिकून बाहेर पडणाऱ्यांनी आपला चालू स्थितीतला लॅपटॉप कपाटात न ठेवता संस्थेला द्यावा.

पालकहो, यंत्र घेऊन दिले म्हणजे मुलगा शिकला असे होत नाही, आणि न दिल्याने त्याचे खेळणे थांबते असेही नाही. तो मोबाइलवर खेळतोच. काय लागते ते मुलांनी प्रामाणिकपणे सांगावे, आपण ते शांतपणे ऐकून घ्यावे, आणि कागद-पेन्सिल घेऊन दोघांनी मिळून हिशेब मांडावा. अशा बैठकीतून आलेला लॅपटॉप साठ हजारांचा असो की नव्वदचा, मुले तो जपून वापरतील, कारण त्यातला एकेक रुपया कुठून आला हे त्यांना ठाऊक असेल.